गुरं वाईट नाहीत, राखणारा गेलाय

मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसभेत चराईबंदीचा ठराव आला. गावात गुरं मोकळी सोडायची नाहीत, सोडली तर मालकाला दंड, परत सापडली तर थेट कोंडवाडा. आता कोंडवाडा आमच्या गावात कित्येक वर्षं नाहीये, त्याचे चिरे कोणाकोणाच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, जाऊन बसलेत तेही सगळ्यांना माहितीये, पण ठरावात मात्र कोंडवाडा होता. ठराव आणणारे बहुतेक नवीन बागायतवाले, म्हणजे माझ्यासारखेच, आणि खरं सांगायचं तर मी सभेला जाताना ठरावाच्या बाजूनेच हात वर करायचा असं ठरवून गेलो होतो, कारण दिवाळीनंतर माझी बावीस कलमं गुरांनी घालवली होती, खाल्ली कमी आणि तुडवली जास्त.

सभेत वरच्या वाडीतले एक तात्या उठले. ऐंशीच्या घरातला माणूस, आयुष्यातली निम्मी वर्षं गुरांमागे गेलेली. म्हणाले, "गुरां वायट नाय रे. राखणारो गेलो, ता वायट झाला." आणि मग खाली बसता बसता, "वणवो लागता तेव्हा तुमचो ठराव खंय आसता?" लोक हसले, चहा आला, ठराव पुढच्या सभेवर गेला. मला मात्र ते वणव्याचं वाक्य काही सोडेना, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्याच बागेच्या वरच्या अंगाला सड्यावरून, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावरून, आग उतरली होती आणि त्यात गेलेली कलमं गुरांनी तुडवलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त होती. त्या आगीचा ठराव कोणी आणला नाही. मीही नाही.

तेव्हा माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, पुढे पटलं नाही तर भांडा. गुरं बंद केली की जमीन आपोआप हिरवीगार होते हा समज कोकणाच्या सड्याला लागू होत नाही. इथल्या गवताला चरणारं तोंड लागतं. पण ते तोंड कुठे, कधी आणि किती हे ठरवणारा माणूसही लागतो, आणि आपण तो माणूस घालवून बसलोय आणि शिक्षा गुरांना करायला निघालोय.

आधी गवताचं बघू. झाडाची वाढ शेंड्याला होते, म्हणून शेंडा खुडला की रोप तिथेच अडतं, शेळीने आंब्याचं रोप दोनदा खुडलं की ते पाच वर्षं गुडघ्याएवढंच राहतं हे बागायतवाल्याला वेगळं सांगायला नको. गवताचा वाढता कोंब मात्र बुडाशी, जमिनीलगत असतो. वरची पात गेली तरी खालून नवीन येते, उलट जुनी वाळकी पात वर उभी राहिली तर खालच्या कोंबाला ऊन मिळत नाही आणि ठोंब आतून कुजत जातो. म्हणजे चरलं जाणं ही गवताची सवय आहे, लाखो वर्षांची. गवताने जनावरं घडवली आणि जनावरांनी गवत.

आणि चरणं म्हणजे एकच गोष्ट नाही. गाय जिभेचा विळखा घालून गवत ओढते, त्यामुळे अगदी जमिनीलगतचं तिला खाता येत नाही, चार बोटं तरी मागे राहतं. म्हैस जरा जाडंभरडं पण चालवून घेते आणि तिला पाण्यात उतरायचं असतं. मेंढी पार बुडापर्यंत खुरटून काढते. शेळीला गवतात फारसा रस नाही, तिला पाला हवा, मागच्या दोन पायांवर उभी राहून करवंदीच्या जाळीचा शेंडासुद्धा काढते. त्यात पुन्हा खुरं आहेत आणि शेण आहे. ओल्या मातीत खूर उठलं की त्यात पाणी साचतं, शेणातून बिया भलतीकडे जाऊन पडतात, आणि जिथे शेण पडलंय तिथलं गवत गाय बरेच दिवस तोंडात घेत नाही म्हणून माळावर मधे मधे उंच हिरवे पुंजके दिसतात. एकाच माळावर कुठे खुरटं, कुठे उंच, कुठे उघडी माती. प्रत्येक ठिकाणी वेगळं रोप, वेगळा किडा, वेगळा पक्षी. टिटवीला अंडी घालायला उघडा कातळ लागतो, कंबरेएवढ्या गवतात ती अंडी घालत नाही.

आता आपला सडा. बाहेरच्या माणसाला उन्हाळ्यात तो ओसाड काळा कातळ वाटतो आणि सरकारी कागदावर तर त्याला चक्क पडीक म्हणतात. पण जून लागला की जांभ्याच्या भेगांत, खळग्यांत, जेमतेम दोन-चार बोटं मातीत जे उगवतं ते जगात फार थोड्या ठिकाणी उगवतं. ऑगस्ट-सप्टेंबरमधे जाऊन बघा, गेंद आहे, कवला आहे, सीतेची आसवं आहेत जी पाण्यातले बारीक जीव पकडून खातात, दवबिंदू आहे जो चिकट थेंबांवर किडे धरतो. डिपकाडी कोंकणेन्स नावाचं पांढऱ्या फुलांचं कंदाचं झाड आहे, त्याच्या नावातच कोकण आहे आणि ते या सड्यांचंच आहे. यातली बरीचशी झाडं वीतभर सुद्धा उंच नसतात. मातीत खत नसल्यामुळेच तर किडे खायची वेळ आलीय त्यातल्या काहींवर. अशा रोपट्यांचा शत्रू कोण, तर सावली. शेजारी गवत मांडीएवढं वाढलं की यांचं संपलं.

ते गवत पूर्वी वाढायचं नाही का? वाढायचं की. पण त्याला गिऱ्हाईक होतं. पावसाळ्यात गुरं सड्याच्या एका अंगाला चरायची आणि दुसरा भाग राखून ठेवलेला असायचा, दसऱ्यानंतर तिथलं गवत विळ्याने कापायचं, भारे बांधायचे, उडव्या रचायच्या. घराच्या छपराला गवत, गोठ्यावर गवत, पावसाळ्याच्या आधी भिंतींना झडप, म्हणजे पावसाला आडोसा, करायला गवत, आंब्याची अढी घालायला गवत, भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, गवत आणि उरलेलं वर्षभर गुरांना. चरायची जागा ती गुरचरण, कापायला राखलेली जागा ते कुरण, असे दोन वेगळे शब्द आपल्या भाषेत आहेत, आणि शब्द वेगळे होते कारण जागा वेगळ्या होत्या आणि त्या वेगळ्या ठेवायला माणूस होता. दिवाळीनंतर भात घरात आलं की मग सगळीच गुरं मोकळी, शेतातली धसकटं खात फिरायची आणि शेतातच शेण टाकायची, तेव्हा गडगा न घातलेली बाग हा बागवाल्याचा दोष धरला जायचा, गुराचा नाही.

आज छपराला पत्रा आहे. नांगराला पॉवर टिलर आहे. गवत कापायची मजुरी गवताच्या किमतीपेक्षा जास्त आहे, म्हणून कोणी कापत नाही. गुरं दर पिढीला कमी होत गेली, आमच्या वाडीत माझ्या लहानपणी प्रत्येक घराच्या मागे गोठा होता, आता बावीस घरांत मिळून चार गोठे भरलेले आहेत, बाकीच्या गोठ्यांत बाईक लागतात. मग सड्यावरचं गवत नोव्हेंबरला पिवळं पडतं, जानेवारीत खडखडीत वाळतं, फेब्रुवारीत कोणीतरी बांध जाळतो किंवा विडीचं थोटूक टाकतो किंवा नुसतं बघायचं म्हणून काडी ओढतो, आणि वारा असला की अर्ध्या तासात आग दोन वाड्या ओलांडून मोहोर आलेल्या बागेत. दरवर्षी. पेपरात तेच ते फोटो, तेच ते पंचनामे. आणि कोकणातल्या वणव्यांवर चर्चा होते ती फक्त आग कोणी लावली यावर, जळायला एवढं गवत उभं कसं राहिलं यावर होतच नाही. खाल्लेलं गवत जळत नाही हो, इतकी साधी गोष्ट आहे.

याच्यावर आफ्रिकेतलं एक उदाहरण आहे आणि ते मला फार आवडतं कारण त्याचं मूळ आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना नावाने माहीत असलेल्या रोगात आहे. बुळकांडी. गुरांचा तो भयंकर रोग १८९० च्या आसपास पूर्व आफ्रिकेत पोचला आणि त्याने नुसती गाईगुरं नाही तर रानातली चरणारी जनावरंही लाखांनी मारली. सेरेंगेटीच्या माळावरचे वाइल्डबीस्ट, ज्यांना नू पण म्हणतात, ते कित्येक दशकं या रोगाने दबलेले होते. मग १९५० नंतर आजूबाजूच्या पाळीव गुरांना लस टोचायला सुरुवात झाली, रोग हटला, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जे वाइल्डबीस्ट अडीच-पावणेतीन लाख होते ते १९७७ पर्यंत तेरा लाखांच्या वर गेले. एवढी तोंडं वाढल्यावर जमीन उजाड व्हायला हवी होती ना, आपल्या हिशोबाने? झालं उलटं. त्यांनी गवत खाल्लं म्हणून वाळकं गवत उरलं नाही, उरलं नाही म्हणून वणवे कमी झाले, वणवे कमी झाले म्हणून झाडांची रोपं आगीतून वाचली आणि माळावर झाडं वाढली. म्हणजे गवत खाणाऱ्या जनावराने झाडं वाढवली. टोचली गाय आणि वाढलं जंगल. २०११ साली बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं.

कोणी म्हणेल सेरेंगेटी कुठे आणि देवगडचा सडा कुठे. बरोबर आहे, तिथे जंगली कळप आहेत, आपल्याकडे गाई. पण आपल्या सड्यावरही कधीकाळी फक्त गाईच नव्हत्या. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला तो प्रचंड हत्ती बघितलाय का, काही सड्यांवर गेंडाही आहे, ज्याला या किनाऱ्यावर आज कोणी बघितलेलं नाही. ही कातळशिल्पं २०२२ मधे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पण हजारो वर्षांपूर्वी ती काढणाऱ्या माणसांच्या डोळ्यासमोर मोठी चरणारी जनावरं होती असाही त्याचा एक अर्थ होऊ शकतो हे फारसं कोणी बोललं नाही. पुढे त्या जनावरांची जागा गुरांनी घेतली असं मी म्हणतो, हा माझा तर्क, शास्त्र म्हणून खपवत नाही.

बंदीचं उदाहरण मात्र आपल्याच देशात घडलेलं आहे आणि ते फार महागात पडलेलं आहे. राजस्थानातलं भरतपूर. तिथल्या केवलादेव पक्षी अभयारण्याच्या तळ्यांत आजूबाजूच्या गावांच्या म्हशी पिढ्यानपिढ्या चरायच्या. पक्षितज्ज्ञांना वाटलं या म्हशी पक्ष्यांची जागा नासवतायत, यात सालिम अलींसारखा माणूस होता, ज्याने आपल्या किहीमला बसून सुगरणीच्या घरट्यांचा इतका बारकाईने अभ्यास केला होता, म्हणजे अडाणी माणसांचं मत नव्हतं ते. नॅशनल पार्क झालं आणि १९८२ च्या नोव्हेंबरमधे चराई बंद केली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं गेली. आणि नंतर काय कळलं? म्हशी जे पाणगवत खायच्या, पॅस्पेलम म्हणून, ते म्हशी गेल्यावर बेफाम वाढलं, तळ्यांचं उघडं पाणी भरून गेलं आणि बदकांना, हंसांना, पाण्यात चोच घालून खाणाऱ्या पक्ष्यांना जागाच राहिली नाही. हे सांगितलं कोणी, तर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच अनेक वर्षांच्या अभ्यासाने, म्हणजे ज्या संस्थेशी सालिम अलींचं नाव जोडलेलं आहे तिनेच. माधव गाडगीळांनी हे उदाहरण पुन्हा पुन्हा सांगितलंय. पुढे गावकऱ्यांना आत येऊन गवत कापून न्यायला परवानगी द्यावी लागली. म्हशी जे फुकट करत होत्या ते.

आणि लांब कशाला, घाटावर कास आहे. २०१२ मधे जागतिक वारसा झालं, गर्दी वाढली, जाळीचं कुंपण आलं. कुंपण माणसांसाठी होतं पण गुरं पण बाहेर राहिली, रानातली जनावरं पण. काही वर्षांनी स्थानिक लोक आणि काही जाणकार म्हणायला लागले की फुलं कमी होतायत, गवत माजतंय, आणि शेवटी ते कुंपण काढलं. सगळा दोष कुंपणाचा असं मी म्हणणार नाही, माणसांचे पाय आहेत, पावसाचं बदललेलं वेळापत्रक आहे. पण कासचं पठार आणि आपला सडा दोन्ही जांभ्याचेच, फक्त उंचीचा फरक.

मग हे चराईबंदीचं खूळ आपल्याकडे आलं कुठून? माझ्या मते आदर्श गाव योजनेतून. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी, नशाबंदी, श्रमदान. राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजारने ते करून दाखवलं आणि त्यांना माझा खरोखर नमस्कार आहे. पण ते नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात आहे, जिथे वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक खूश होतात. उघड्या पडलेल्या डोंगरावर गवताची मुळंच उरली नव्हती, तिथे गुरं थांबवणं हाच पहिला उपाय होता, आणि तिथेही बंदी गुरं मोकळी सोडण्यावर होती, वाढलेलं गवत कापून न्यायचं होतं, लोकांनी नेलं, दूध वाढलं. आपल्याकडे पाऊस ३००० मिलिमीटर. इथे गवत उगवत नाही ही तक्रारच नाही, उगवलेल्याचं काय करायचं ही आहे. आणि कापायला माणूस नाही. मग नगरचं औषध देवगडच्या पेशंटला कसं द्यायचं? कापणी नसलेली चराईबंदी म्हणजे वणव्याला दिलेलं आमंत्रण.

आता दुसरी बाजू, कारण मी गाईची आरती करायला बसलेलो नाही.

गुरं निवडून खातात. त्यांना आवडतं ते संपतं आणि नावडतं ते उरतं, हा चराईचा सगळ्यात वाईट गुण. टाकळा, घाणेरी, रानतुळस, आणि सगळ्यांचा बाप म्हणजे रानमोडी, यांना गुरं तोंड लावत नाहीत. एकाच जागी सतत गुरं बसवली तर पाच-सात वर्षांत तिथे रानमोडीचं राज्य होतं, आमच्या पाणंदीच्या दोन्ही बाजूंना झालंच आहे. म्हणजे नुसती गुरं सोडून भागत नाही, रानमोडी कोयतीने काढावी लागते, तीही फुलायच्या आधी, नाहीतर बी वाऱ्यावर जातं. दुसरं, देवाची राई. आमच्या राईत शंभर-दीडशे वर्षांची झाडं आहेत आणि त्यांच्याखाली एकही पोरसवदा झाड नाही, आजोबा आहेत आणि नातू नाही अशी अवस्था, कारण दुपारी गुरं सावलीला तिथेच बसतात आणि उगवलेलं प्रत्येक रोप जातं. तिथे मी चराईबंदीच्या बाजूने दोन्ही हात वर करीन. खाडीकाठच्या खाजणात तिवराची कोवळी रोपं म्हशी आवडीने खातात, तिथेही तेच. आणि सड्यावर सुद्धा भर पावसात, माती लोण्यासारखी झालेली असताना, रोज त्याच खळग्यातून साठ खुरं गेली तर गेंद पण नाही आणि दवबिंदू पण नाही, फक्त चिखल. त्यात ज्या झाडांना खत सोसत नाही त्यांच्यावर शेणाचा मारा.

म्हणजे तेच जनावर सड्यावर ऑक्टोबरमधे माळी, राईत जूनमधे चोर. फरक जनावरात नाही. जागेत आहे आणि महिन्यात आहे. आणि जागा नि महिना गाईला कळत नाही, राखणाऱ्याला कळतो.

तात्यांकडे मी नंतर दोनदा जाऊन बसलो. (चहा, आणि मग कुळथाची पिठी, उठूच देत नाहीत.) त्यांच्या बोलण्यात जे आलं ते कुठल्या मॅन्युअलमधे नसेल. पहिल्या पावसाचं गवत गुरांना भरपेट खाऊ द्यायचं नाही, पोट सुटतं आणि गवतही दबतं. आज ज्या अंगाला गुरं नेली तिथे परत आठ-दहा दिवस न्यायची नाहीत. सकाळी दव असेपर्यंत एकीकडे, दुपारी पाण्यावर, संध्याकाळी परतताना गावाच्या वरच्या अंगाला, म्हणजे बागांच्या डोक्यावरचं गवत आपोआप खुरटं राहायचं. हे शेवटचं ऐकलं तेव्हा मी त्यांना परत सांगायला लावलं. बागांच्या वर, सड्याच्या काठाला, जिथून आग उतरते नेमकी तिथे, रोज संध्याकाळी गावची सगळी गुरं अर्धा-पाऊण तास घुटमळायची. जाळरेषा. वनखातं पैसे देऊन मजूर लावून जो पट्टा मोकळा करतं तो आमच्या गावात गुरं चालता चालता करत होती आणि आम्ही त्याला गुरं घरी आली असं म्हणत होतो.

तो राखणारा का गेला? पोरं शाळेत गेली, हे उत्तमच झालं, आठ वर्षांच्या पोराने गुरांमागे उन्हात फिरावं असं मला मुळीच वाटत नाही, जुनं ते सोनं वगैरे मी म्हणत नाहीये. तरणे मुंबईला गेले. पाळीने राखायची पद्धत होती, ज्याची जितकी गुरं त्याचे तितके दिवस, पण घरात दोन म्हातारी माणसं उरल्यावर पाळी कोण करणार? मग गुरं सकाळी दावं सोडून नुसती हाकलायची, संध्याकाळी आली तर आली. त्यात टिलर आल्यावर पाड्याला काम राहिलं नाही, २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यावर कोणाचं काय मत असेल ते असो, पण परिणाम असा की निकामी बैलाला गिऱ्हाईक नाही आणि वैरण घालायची ऐपत नाही, मग रात्री कोणीतरी दुसऱ्याच्या हद्दीत नेऊन सोडतो. ती मोकाट जनावरं सड्यावर चरत नाहीत, हे नीट बघा. सड्यावर लांब कोण जातो, बिबट्याची भीती, पाणी नाही. ती हायवेवर बसतात, बाजारात प्लास्टिक खातात आणि रात्री आपल्या बागेत शिरतात. म्हणजे एकाच गावात बागेत गुरं जास्त आणि सड्यावर गुरं कमी, दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या. मोकाट गुरं आणि वणवा या दोन वेगळ्या समस्या धरून आपण दोन वेगळी कुंपणं मागतोय.

तारेच्या कुंपणाचं पण सांगतो. अनुदान मिळतं, कलमं वाचतात, मी पण अर्ज केलाय, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येकाने आपापला तुकडा तारेत घातला की गुरांना सड्यावर जायची वाटच राहत नाही, ती पाखाडीवर आणि रस्त्यावर अडकतात. गुरचरणाच्या जमिनी आधीच कुठे कुठे गायब झाल्यात, २०११ मधे सुप्रीम कोर्टाने जगपाल सिंगच्या निकालात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला राज्यांना सांगितलं होतं, आमच्याकडे त्या निकालाची प्रत कोणाला हवी असेल तर ग्रामपंचायतीत फाईल आहे म्हणतात, मी बघितलेली नाही.

मला काय हवंय ते सरळ सांगतो. गावाने पगारी राखणारा ठेवावा. एक नाही दोन, म्हणजे एकाला सुट्टी मिळेल. पगार निम्मा गुरवाल्यांनी गुरामागे द्यायचा आणि निम्मा बागवाल्यांनी कलमांमागे, कारण फायदा दोघांना आहे, आणि बागवाल्याला हे फार वाटत असेल तर त्याने एका वणव्यात किती कलमं गेली ते आठवावं. स्पेनमधे आंदालुसियात सरकार मेंढपाळांना पैसे देतं, जाळरेषेवरचं गवत-झुडूप त्यांच्या कळपाने खायचं आणि किती खाल्लं ते बघून पैसे, कॅलिफोर्नियात शेळ्यांचे कळप याच कामाला भाड्याने आणतात. तिथे ते आधुनिक समजलं जातं. आपल्याकडे गुराखी म्हटलं की शाळेत नापास झालेला.

गावाच्या नकाशावर तीन रंग करावेत. राई, खाजण, नवीन लागवड, इथे बारा महिने बंदी आणि तिथे बंदी म्हणजे बंदीच. सड्याचा फुलांचा भाग, जून ते सप्टेंबर हलका हात, एका ठिकाणी दोन दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि ऑक्टोबरपासून मोकळा. बागांच्या डोक्यावरचा पट्टा, तिथे उलट सक्ती, ऑक्टोबर ते डिसेंबर गुरं तिथे गेलीच पाहिजेत. जनावरं पण आपलीच ठेवावीत, दुधाला मोठी संकरित गाय कातळावर चालत नाही, तिला गोठ्यात पंखा लागतो. कोकण कपिला लहान असते, काटक असते, उतारावर आणि जांभ्यावर तिचा खूर टिकतो, तिची जात म्हणून रीतसर नोंद पण झालीय. झुडपांसाठी थोड्या कोकण कन्याळ शेळ्या, पण त्या कडक राखणीत, शेळीवर माझा विश्वास नाही.

एक आक्षेप सभेत येणार हे मला माहितीये, की आहेत त्या गुरांत एवढा सडा चरून होणार आहे का. नाही होणार. चार गोठ्यांची गुरं अख्खा सडा खाऊ शकत नाहीत, म्हणून तर तीन रंग, म्हणून तर पट्टा. बाकीचं गवत वाढणार, काही जळणारही. पण आग बागेपर्यंत येईस्तोवर तिला खायला काही मिळालं नाही म्हणजे झालं.

आणि एक गोष्ट जाता जाता, गुरं कमी झाली तशी सड्यावर मेलेली गुरं पण कमी झाली आणि गिधाडांचं खाणं गेलं. गुरांना द्यायच्या डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या औषधाने ती आधीच मारली होती, गुरांसाठी ते औषध २००६ मधे बंद झालं तोवर फार उशीर झाला होता. तात्या म्हणतात त्यांच्या तरुणपणी सड्यावर मेलेला बैल संध्याकाळपर्यंत साफ व्हायचा. हा विषय मोठा आहे, परत कधीतरी.

ठराव पुढच्या सभेला येतोय. मी दुरुस्ती लिहून दिलीय, सरपंचांनी वाचली, म्हणाले लांब आहे. राखायला कोण येणार हा प्रश्न त्यांनी विचारला आणि तो खरा प्रश्न आहे. खालच्या वाडीतला एक पोरगा, बारावी झालेला, मुंबईला जाऊन सहा महिन्यांत परत आलेला, तयार आहे म्हणतो. त्याच्या अटी तीन: पगार महिन्याच्या महिन्याला, पावसाळ्यात चांगला रेनकोट आणि बूट, आणि पहिलं वर्षभर तात्यांनी सोबत फिरायचं. पहिल्या दोन अटी मी सभेत मांडतो. तिसरी तात्यांना सांगितली तर म्हणाले, गुडघे दुखतात, पण सड्याच्या काठापर्यंत येईन, तिथून बोट दाखवलं की पुरे.